धक्क्यावरची पाटी

बी.ए.चा निकाल लागला त्या संध्याकाळी वडिलांनी माझा अभ्यासाचा कंदील उचलला आणि गोठ्यात नेऊन टांगला. त्यात राग नव्हता, आनंदच होता. "झालं शिकून एकदाचं," ते म्हणाले, "आता गाईगुरांना उजेड होऊ दे." मलाही ते मनापासून पटलं. आपण शिकून पुरे झालो, आता फक्त खुर्चीवर जाऊन बसायचं तेवढं राहिलं, अशी माझी पक्की समजूत होती. ती समजूत मलाच महागात पडली असती तर त्यात सांगण्यासारखं मोठंसं काही नव्हतं. ती दुसऱ्याच कुणाला तरी महागात पडली, म्हणून हे लिहितो आहे.

गावात बी.ए. झालेले आम्ही दोघेच, तेही एकाच वर्षी. दुसरा माझा शेजारी. त्यांची नारळी-पोफळीची वाडी आणि आमची, मध्ये फक्त एक दगडांचा गडगा. त्याचे वडील तो इंग्रजी तिसरीत असताना गेले आणि वाडी त्याच्या आईनं, आमच्या काकूंनी, सांभाळली. सुपारी उतरवून घेणं, वाळवणं, सोलून बाजारात पाठवणं, सगळं काकू स्वतः उभ्या राहून करून घ्यायच्या. घरात लग्नाची बहीण होती. खरा हुशार तोच. मी पाठांतराच्या जोरावर तरून गेलेला माणूस, पण बोलायला मी पुढे आणि तो मागे, त्यामुळे लोकांना ते उलटं वाटायचं. मलाही उलटंच वाटायचं.

तिसाव्या सालानंतरची ती मंदी. मुंबईत एका नातेवाइकाच्या खोलीत आम्ही दोघं वर्षभर राहिलो आणि रोज अर्ज खरडले. एका पेढीतल्या हेडक्लार्कनं मला विचारलं, "टायपिंग येतं?" मी म्हणालो, "मी संस्कृत घेऊन बी.ए. झालो आहे." "शॉर्टहँड?" मी तेच उत्तर पुन्हा दिलं, जरा मोठ्यानं. त्यानं अर्ज परत केला आणि म्हणाला, "दोन-तीन महिन्यांत शिकून या, मग बघू." त्या बाबाचं बोलणं किती सरळ होतं! मी मात्र जिना उतरताना संतापानं लाल झालो होतो. आता आणखी शिकायचं? मग सोळा वर्षं काय गोट्या खेळत होतो? माझ्या मित्रानं त्या रात्री टायपिंगच्या क्लासची चौकशी करू म्हटलं, तर मी त्याची टर उडवली. आणि वर्ष संपता संपता दोघंही गावाला परत आलो. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, हे गावातली माणसं तोंडावर म्हणत नसत एवढाच त्यांचा चांगुलपणा.

गावातले एक मुसलमान शेट नारळ-सुपारीचा व्यापार करीत. त्यांच्याकडे आगबोटीची एजन्सी होती. आगबोट आमच्या गावाला थांबायला लागून दोनच वर्षं झाली होती. आमच्या शाळा-कॉलेजच्या दिवसांत आम्ही बैलगाडीनं श्रीवर्धनला जाऊन बोट धरायचो. शेटनी दिवाळीनंतर मला बोलावलं आणि धक्क्यावरच्या छपरीत तिकिटं देण्याचं काम देऊ केलं. "काम छोटं आहे, भाऊ. पण काम माणसाला शिकवतं. इन्शाअल्ला, तुम्हालाही शिकवील." मी हो म्हटलं, पण ते शेवटचं वाक्य मला झोंबलं. तिकिटं फाडण्याचं काम बी.ए.ला काय शिकवणार होतं?

आगबोट काही धक्क्याला लागत नसे. ती बाहेर समुद्रात उभी राहायची आणि माणसांना पडावातून, म्हणजे मोठ्या होडीतून, तिच्यापर्यंत न्यायचं. धक्का खाडीच्या आत. खाडीच्या तोंडाशी वाळू. भरतीचं पाणी आहे तोवर पडाव बाहेर काढायला हवा, नाहीतर तो वाळूत बसायचा. तेव्हा पडाव कधी सुटणार हे आगबोटीच्या वेळेइतकंच पाण्यावर ठरायचं, आणि ते ठरवायचा पडाव चालवणारा म्हातारा तांडेल. तो मुसलमानच होता, सहीला अंगठा करायचा, आणि सबंध गाव त्याला विचारून प्रवासाला निघायचं. मला ते बघवत नसे. अरे, छपरीत मी बसलोय ना?

एक दिवस मी त्यालाच विचारलं की तू वेळ काढतोस कशी. त्यानं बोटांवर दाखवलं. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमी असेल तर सहा वाजता. मी हसलोच. एवढंच? म्हणजे तीनानं गुणायचं आणि चारानं भागायचं. पाच मिनिटांत माझं शिकून झालं. दुसऱ्या दिवशी मी एक फळी काळी रंगवून घेतली, पंचांग समोर ठेवलं, आणि आगबोटीच्या प्रत्येक दिवसापुढे पडाव सुटण्याची वेळ सुरेख अक्षरात लिहून काढली. शेवटी ठिकाणाचा रकाना केला आणि खालपर्यंत 'धक्का, धक्का' लिहीत गेलो. दर महिन्याला ती पुसून नवी लिहायची, असं ठरवून टाकलं.

तांडेल पाटीपुढे येऊन उभा राहिला. वाचता येत नव्हतं तरी बराच वेळ बघत होता. "लिवू नका भाऊ," तो म्हणाला. "तो हिशेब घड्याळाचा हाय, पान्याचा न्हाय. पानी रोज बगायचं असतं. शिमगा झाला का इचारा मला, मग सांगतो." शिमग्याला तीन महिने होते. मी बरं म्हटलं आणि विसरलो.

पाटीचं कौतुक झालं. शाळेचे मास्तर मुद्दाम बघायला आले आणि म्हणाले, शिकलेला माणूस आला की फरक पडतो. बाकी गाव मात्र पाटीला वळसा घालून तांडेलालाच विचारत राहिलं. अडाणी आहेत बिचारे, म्हणून मी मनातल्या मनात त्यांना माफ करून टाकत असे. माघात एकदा अष्टमीला पडाव खाडीच्या तोंडाशी घासत घासत बाहेर पडला, उतारू जरा ओरडले, तेही मी छपरीतून पाहिलं. पाहिलं आणि पुढच्या तिकिटाकडे वळलो.

शिमगा झाला आणि चार दिवसांनी माझ्या मित्राला पत्र आलं. मुंबईच्या एका हायस्कुलात शिक्षकाची जागा होती आणि त्याला समक्ष भेटीला बोलावलं होतं. दीड वर्षात दोघांना मिळून आलेलं हे पहिलं बोलावणं. तो पत्र घेऊन गडग्यावरून उडी मारून आला. त्याला उडी मारताना मी लहानपणानंतर पाहिलं नव्हतं. भेट फाल्गुन वद्य नवमीला सकाळी अकराला. अष्टमीची आगबोट धरली की त्याच संध्याकाळी तो मुंबईत. ती चुकली तर पुढची दोन दिवसांनी, म्हणजे नोकरी गेलीच. आम्हां दोघांनाही हे पक्कं ठाऊक होतं.

सप्तमीला दुपारीच छपरी बंद करून मी त्याच्या घरी गेलो. भेटीत काय विचारतील याचे प्रश्न मी इंग्रजीतून विचारत होतो आणि तो उत्तरं देत होता. मी साहेब झालो होतो आणि मला मजा येत होती. काकू आत त्याच्या वाटेसाठी दशम्या करीत होत्या. त्या हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "उद्या अष्टमी. भांग आहे. कातळावर जायचं ना तुम्हाला?"

पुनव-अवसेला उधाणाचं पाणी चढतं आणि अष्टमीच्या आगेमागे ते जेमतेम येतं, त्याला आमच्याकडे भांग म्हणतात. एवढं मलाही माहीत होतं. पण कातळाचं मला माहीत नव्हतं, आणि जे मला माहीत नाही ते नसतंच, असे ते दिवस. मी म्हणालो, "काकू, पाटीवर स्पष्ट लिहिलंय. सकाळी सहा, धक्का."

"असेल रे. पण तांडेलाला एकदा विचारून ये," त्या मुलाला म्हणाल्या. तो लगेच उठला. पायात वहाणा घातल्या. मी त्याचा हात धरला आणि म्हटलं, "मी लिहिलंय म्हटल्यावर त्याला काय विचारायचं? बस, अजून चार प्रश्न राहिलेत." तो वहाणा काढून बसला. काकूही पुन्हा आत दशम्यांकडे वळल्या. बी.ए. झालेले दोघं समोर बसलेले, त्यांच्यापुढे त्या बाईनं किती बोलावं? पण तो हात माझ्या हातात अजून आहे.

सकाळी साडेपाचला आम्ही धक्क्यावर गेलो. नुकतं दिसायला लागलं होतं. त्याची ट्रंक, दशम्यांचं गाठोडं, आणि इस्त्री केलेला कोट तो हातावर धरून उभा. शाळेचे मास्तर होते, संस्थानच्या कचेरीतला एक कारकून होता. बाकी कोणी नाही. पडावही नाही. मला वाटलं, तांडेल झोपला. सहा वाजले तसा मी तोंड सोडलं. या लोकांना वेळेची किंमत नाही, आज शेटना सांगून याला काढूनच टाकतो, असं बरंच काही मी त्या तिघांना ऐकवत होतो. मास्तर माना डोलवत होते. मित्र खाडीच्या तोंडाकडे बघत होता.

मग आगबोट दिसली. ती उभी राहिली आणि तिच्या अंगाला आमचा पडाव दिसला. माणसांनी गच्च भरलेला. बायका, म्हातारे, कोंबड्यांच्या टोपल्या घेतलेल्या कोळणी, सगळे एकेक करून वर चढत होते. पडाव खाडीतून गेलाच नव्हता. तो टेकाडापलीकडच्या कातळावरून सुटला होता, जिथं भांगातसुद्धा होडी लावण्याइतकं पाणी असतं. मित्रानं ट्रंक टाकली आणि कातळाच्या दिशेनं धावत सुटला. मीही धावलो. आम्ही टेकाडाच्या माथ्यावर पोचलो तेव्हा आगबोटीनं शिटी दिली, आणि ती वळताना मी बघितली.

त्या दिवशी गावातली तीस-पस्तीस माणसं मुंबईला गेली. त्यांनी आदल्या दिवशी शेटच्या दुकानातून तिकिटं घेतली होती आणि तांडेलाला विचारलं होतं. बोट चुकली ती फक्त ज्यांना वाचता येत होतं त्यांची.

तांडेल पडाव घेऊन कातळाला परत आला तेव्हा मी त्याच्या अंगावर धावून गेलो. त्याला खरोखरच काही कळेना. "शिमग्यानंतर तोंडाशी वाळू चढते," तो म्हणाला. "भांगाला रिकामा पडाव जातो, भरलेला बसतो. म्हणून सातमीच्या सांजच्या पान्याला काढून इकडं लावतो आमी. सगल्या गावाला ठावं हाय." मग माझ्या मित्राकडे बघून त्याचा आवाज खाली आला. "तुमी इचारलं न्हाय, भाऊ. मला वाटलं, शिकलेलं मानूस, तुमाला ठावं असल." सप्तमीच्या संध्याकाळी पडाव खाडीतून बाहेर पडताना मी छपरीत असतो तर मला दिसलं असतं. मी तेव्हा साहेब होऊन इंग्रजीतून प्रश्न विचारत होतो.

मित्र धक्क्यावर परत गेला. ट्रंक तिथंच ठेवली, सर्टिफिकिटं आणि कोट गाठोड्यात बांधला आणि चालू लागला. म्हसळ्यावरून माणगाव गाठायचं, सकाळची सर्व्हिस मोटार धरून धरमतर, तिथून लाँचनं मुंबई. कशीही धावपळ केली तरी अकराला पोचणं शक्य नव्हतं, पण थांबणंही त्याला शक्य नव्हतं. मी म्हसळ्यापर्यंत त्याच्याबरोबर गेलो. उन्हातून सगळी वाट आम्ही चाललो. म्हसळ्याला माणगावकडे जाणारी भाताची गाडी मिळाली. तो पोत्यांवर चढून बसला आणि मला म्हणाला, "तुझी चूक नाही. माझ्या पायात वहाणा होत्या. मीच बसलो." त्यानं मला शिव्या घातल्या असत्या तर मी घरी जाऊन जेवलो असतो.

तो पाच दिवसांनी आला. दुपारी तीनला तो शाळेत पोचला होता आणि जागा बाराला भरली होती. ज्याला स्वतःला वेळ पाळता येत नाही तो मुलांना काय शिकवणार, असं तिथले एक गृहस्थ म्हणाले. हे त्यानं मला नाही, काकूंना सांगितलं. मला गडग्यापलीकडून ऐकू आलं.

मी पाटी उतरवली, फोडली, आणि शेटकडे राजीनामा घेऊन गेलो. त्यांनी तो वाचलासुद्धा नाही. "नोकरी सोडून कुणाचं भलं होणार, भाऊ? अक्कल आली असेल तर ती घेऊन धक्क्यावर बसा." ते रागावले होते आणि मला त्याचं बरं वाटलं.

मग मी तांडेलाकडे गेलो. शिकवा म्हणायला मला तीन दिवस लागले. त्यानं मला ओहोटीला धोतर वर खोचून खाडीच्या तोंडात उतरवलं. "डोळ्यानं न्हाय, पायानं बगा," म्हणाला. वाळू कालपेक्षा किती सरकली, पायाखाली घट्ट लागते की भुसभुशीत, वारा कुठला आहे, लाट कुठे फुटते. मी रोज विचारायचो आणि रोज चुकायचो. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघायची, बी.ए. चिखलात उभा आहे म्हणून. पुढचे पावसाळ्याचे चार महिने बोट बंद, तरी मी जातच होतो. उघाड मिळाली की उतरायचो. वडिलांनी एकदा विचारलं की हे काय चालवलंय. शिकतोय, म्हटलं.

मित्राचे अर्ज चालूच होते, उत्तर येत नव्हतं. शेवटी शेटनीच वाट काढली. आफ्रिकेत मोंबासाला त्यांच्या मावसभावाचं दुकान होतं, तिथं लिहिणारा माणूस हवा होता. गुजराती लिहिता यायला हवं, आणि तिथली बोली तिथं जाऊन शिकायला हवी. मित्रानं पावसाळाभर शेटच्या मेहताजींपुढे बसून गुजराती अक्षरं गिरवली. माझं पाणी शिकणं अजून अर्धंही झालं नव्हतं तेव्हा तो सरळ पत्रं लिहायला लागला होता. काकूंनी आठ दिवस अन्न सोडलं. एकुलता एक मुलगा समुद्रापलीकडे, आणि जातीतले लोक काय म्हणतील ते वेगळंच. पण बहिणीचं लग्न व्हायचं होतं. त्यांनी होकार दिला.

तो नऊ वर्षांनी परत आला. तेव्हा दाराला कुलूप होतं आणि किल्ली बहिणीच्या सासरी होती. काकू जाऊन दोन वर्षं झाली होती.

पण मला राहून राहून आठवते ती तो गेला त्याच्या आदल्या दिवसाची दुपार. पुढचाच फाल्गुन होता, शिमगा होऊन गेला होता आणि पुन्हा भांग जवळ आला होता. मी छपरीत होतो. काकू एकट्याच धक्क्यावर आल्या. माझ्या खिडकीवरून सरळ पुढे गेल्या, माझ्याकडे बघितलंही नाही, आणि पडावाशी बसलेल्या तांडेलापुढे जाऊन उभ्या राहिल्या. "उद्या पोरगा जायचाय. कुठून चढायचं त्यानं? इथून की कातळावरून?"

तांडेल उठला. त्यानं माझ्याकडे हात केला. "त्यांना इचारा, काकी. त्यांना कलतं आता."

काकू वळल्या आणि खिडकीपाशी आल्या. वर्षभरात त्या माझ्याशी बोलल्या नव्हत्या. मला खात्री होती की कातळच लागणार, मी सकाळीच वाळू बघून आलो होतो. पण दुपारनंतर वारा बदलला होता आणि सांजचं पाणी अजून यायचं होतं. मी म्हणालो, "काकू, आत्ता नाही सांगता येत. संध्याकाळचं पाणी बघतो, तांडेलाला विचारतो, आणि मग घरी येऊन सांगतो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे.

"हेच गेल्या साली म्हणाला असतास," त्या म्हणाल्या, "तर तो मुंबईला असता रे."